घरी ब्रेक पॅड आणि डिस्क बदलताना

जुने ब्रेक पॅड उतरवून नवे घालायला एका चाकाला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. डिस्क बदलायची असेल तर आणखी दोन मोठे बोल्ट आणि एखादा हट्टी स्क्रू वाढतो. तरीही पुढच्या दोन चाकांसाठी अख्खा अर्धा दिवस हाताशी ठेवा. उरलेला वेळ गंज खरवडण्यात, पिना पुसण्यात आणि पॅड बसायच्या खाचा साफ करण्यात जायला हवा. घरी बदललेले ब्रेक काही महिन्यांनी किंचाळतात, पेडल पायाखाली थरथरतं, एका बाजूचा पॅड दुसऱ्याच्या आधी संपतो. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ नव्या भागांत नसतं. ते भाग ज्या जागेवर बसवले, त्या जागेवरच्या मळात असतं. म्हणून या लेखात साफसफाईला जास्त जागा दिली आहे.

इथे लिहिलेलं सरकत्या कॅलिपरला धरून आहे. कॅलिपर म्हणजे डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा चिमटा; सरकत्या कॅलिपरमध्ये पॅड ढकलणारा पिस्टन एकाच बाजूला असतो. बहुतेक प्रवासी गाड्यांच्या पुढच्या चाकांना तोच असतो. यात ब्रेक ऑइलची नळी उघडावी लागत नाही, आणि त्यामुळेच हे काम घरी करता येतं. तुम्ही आधी कधी चाक बदललं नसेल, किंवा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले टॉर्कचे, म्हणजे बोल्ट किती जोराने कसायचे त्याचे, आकडे मिळाले नसतील, तर ते आधी जमवा.

बदलायची वेळ झाली आहे का

नव्या पॅडवर घासला जाणारा थर साधारण १० ते १२ मिमी जाडीचा असतो. तो ३ मिमीवर आला की पॅड बदला. मोजताना मागची लोखंडी पट्टी धरू नका. चाकाच्या फटीतून बघणारे पुष्कळ जण तीही धरतात आणि पॅड अजून जाड आहे असं समजून बसतात. फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. सरकत्या कॅलिपरमध्ये आतला बऱ्याचदा आधी झिजतो, त्यामुळे चाक काढून दोन्ही बघा. काही पॅडना पोलादाची एक छोटी जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून चिरका आवाज करते. काही गाड्यांत त्याऐवजी तारेचा सेन्सर असतो. पॅड बदलताना तो झिजलेला सेन्सरही बदलावा लागतो.

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर 'मिन टीएच' या अर्थाच्या इंग्रजी अक्षरांपुढे एक आकडा कोरलेला असतो. ती कमीत कमी जाडी. नवी डिस्क २२ मिमीची असेल तर हा आकडा २० च्या आसपास असतो, म्हणजे अख्ख्या आयुष्यात झिजायला दोनच मिलिमीटर. मोजायला मायक्रोमीटर वापरा. साध्या व्हर्निअरचे जबडे डिस्कच्या काठावर उरलेल्या न झिजलेल्या कडेला अडतात आणि जाडी खरीपेक्षा जास्त दाखवतात. गोलाकार सात-आठ ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी आकडा खरा माना. डिस्क मर्यादेच्या अगदी जवळ असेल तर मी ती ठेवत नाही, कारण नवा पॅड संपेपर्यंत ती मर्यादेखाली गेलेली असते. तडा, नखाला लागतील अशा खोल रेघा किंवा निळसर डाग दिसले तर मोजायचीही गरज नाही.

पॅड असोत वा डिस्क, एका आसाच्या दोन्ही चाकांच्या एकदमच बदला. एक बाजू नवी आणि एक जुनी राहिली तर जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी एकीकडे ओढते.

हाताशी काय हवं

जॅक, दोन मजबूत जॅक स्टँड, चाकांना लावायचे ठोकळे, सॉकेटचा संच, लांब दांड्याचा पाना आणि टॉर्क रेंच. पिस्टन मागे ढकलायला मोठा सी-क्लॅम्प. वायर ब्रश, पॉलिश पेपर, बारीक कानस, ब्रेक क्लीनरचे दोन डबे, कॅलिपर टांगायला जाड तार. ग्रीस मात्र नीट निवडा. पिनांना सिलिकॉनचं किंवा खास ब्रेकसाठी केलेलं सिंथेटिक ग्रीसच चालतं. बेअरिंगचं साधं ग्रीस पेट्रोलियमचं असतं; त्याने पिनांवरची रबरं फुगतात आणि काही महिन्यांत पिन जागच्या जागी अडकते.

नवे भाग खोक्यातून काढून, गाडी उघडण्याआधीच तपासा: डिस्कचा व्यास, जाडी, बोल्टच्या भोकांची संख्या, पॅडच्या कानांचा आकार. एक चाक उघडं पडल्यावर भाग चुकीचा आल्याचं कळलं तर गाडी तशीच अडकून पडते.

गाडी उचलणं

जमीन सपाट आणि टणक हवी. मातीत किंवा उतारावर हे काम करू नका. पुढची चाकं करायची असतील तर हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. मागची करायची असतील तर हँडब्रेक सोडावाच लागतो, मग पुढची चाकं तितकीच पक्की अडवा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा. मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावून गाडी उचला, स्टँड सरकवा आणि वजन स्टँडवर सोडा. चाक काढण्याआधी गाडीला हाताने जोरात हलवून बघा. डगमगली तर आताच डगमगू दे, तुम्ही बाजूला उभे आहात तोवर. काढलेलं चाक दरवाजाखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा. फक्त जॅकवर उभ्या गाडीजवळ हात घालू नका, एका मिनिटासाठीसुद्धा नाही.

ब्रेकची काळी धूळ फुंकू नका, हवेच्या दाबाने उडवूही नका. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि नसलं तरी ती धूळ फुप्फुसांत जाण्यासारखी नाही. मास्क लावा, क्लीनरने ती ओली करून खाली पाडा, पुसलेलं फडकं पिशवीत बांधून टाका. क्लीनरची वाफ पेट घेऊ शकते, तेव्हा आसपास ठिणगी किंवा जळती सिगारेट नको.

उघडताना

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जोडलेली राहिली की कुठली पट्टी कशी बसली होती हे बघायला नमुना मिळतो. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पण खरी वस्तू समोर असणं कधीही बरं. स्टिअरिंग फिरवून चाकाची मागची बाजू बाहेर आणली की हात नीट पोहोचतो.

कॅलिपरच्या मागे दोन लहान बोल्ट असतात, ते सरकत्या पिनांत जातात. बोल्टबरोबर पिनही फिरायला लागली तर तिला बारीक पान्याने धरा. जुन्या डिस्कला कड आली असेल तर कॅलिपर सहज निघत नाही. तेव्हा पॅड आणि डिस्कच्या फटीत चपटा पाना घालून पिस्टन किंचित मागे रेटा. कॅलिपर सुटला की त्याला तारेने स्प्रिंगला टांगा. रबरी नळीवर त्याचं वजन कधीच येऊ देऊ नका, नळी आतून चिरते आणि बाहेरून काही दिसत नाही. या क्षणापासून ब्रेकच्या पेडलला कुणी पाय लावायचा नाही. समोर डिस्क नसली तर पिस्टन थेट बाहेर येईल.

जुने पॅड टाकण्याआधी चारही शेजारी शेजारी ठेवून बघा. मला सगळ्या कामातला हा भाग सर्वांत बोलका वाटतो. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल तर कॅलिपर पिनांवर सरकत नाही, किंवा पिस्टन पुरता मागे येत नाही. बाहेरचा जास्त झिजला असेल तरीही पिनांकडेच बघा. पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल तर बऱ्याचदा एकच पिन अडकलेली असते, किंवा पॅडचा एक कान खाचेत रुतलेला असतो. पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला असेल तर तो भाजून निघाला आहे. कडेला तेलकट ओल दिसली तर पिस्टनचं सील गळतंय. मग नवे पॅड घालण्याआधी कॅलिपर दुरुस्त व्हायला हवा. नुसते पॅड बदलून असा दोष जात नाही, पुढच्या पॅडवरही तोच नमुना उमटतो.

आता कॅलिपरची चौकट, म्हणजे ब्रॅकेट. याचे दोन बोल्ट चांगलेच घट्ट असतात, अनेकदा आट्यांना लॉकिंगचं रसायन लावलेलं असतं. लांब दांड्याने सावकाश, सलग जोर लावा. झटके दिले तर स्टँडवरची गाडी हलते. काही गाड्यांत हे बोल्ट एकदा काढले की नवेच घालायचे असतात, मॅन्युअल बघा.

डिस्कला एखादा छोटा स्क्रू असेल तर तो गंजाने जाम झालेला असतो. साध्या स्क्रूड्रायव्हरने त्याचं डोकं खराब होण्याआधीच हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. डिस्कच्या टोपीवर आटे असलेली दोन रिकामी भोकं दिसली तर ती डिस्क ढकलून काढण्यासाठीच दिलेली असतात. योग्य मापाचे दोन बोल्ट, बहुतेक आठ मिमीचे, आळीपाळीने थोडे थोडे कसत गेलात की डिस्क मागच्या हबपासून, म्हणजे ती ज्यावर बसते त्या भागापासून, सुटते. भोकं नसतील तर गंज सैल करणारं तेल लावून थांबा आणि डिस्क फिरवत फिरवत स्टडच्या, म्हणजे चाकाचे नट बसतात त्या दांड्यांच्या, मधल्या जागेवर हातोडीचे मोजके ठोके द्या. हे ठोके चाकाच्या बेअरिंगपर्यंत पोहोचतात, म्हणून धीर धरलेला बरा. मागच्या डिस्कच्या टोपीत हँडब्रेकचे शू असतील तर आधी त्यांचा ॲडजस्टर सैल करा.

हबचा चेहरा

डिस्क निघाल्यावर जो गोल सपाट भाग दिसतो, तो हब. त्यावर गंजाची खपली असते, आणि स्टडच्या मुळाशी ती सर्वांत जाड असते. पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा मी तिथे फडकं फिरवलं आणि नवी डिस्क चढवली. ब्रेक छान लागले. काही हजार किलोमीटरनंतर वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. सगळे म्हणाले, डिस्क वाकली. डिस्क वाकली नव्हती, ती पहिल्या दिवसापासून तिरकी बसली होती.

हिशेब साधा आहे. हबच्या कडेला ०.०५ मिमीची खपली राहिली आणि डिस्कचा व्यास हबच्या दुप्पट असला, तर डिस्कच्या कडेला तिचा ०.१ मिमीचा डोल होतो. अनेक कंपन्यांची मर्यादा ०.०५ ते ०.१ मिमीच्या दरम्यान असते. एवढा डोल सुरुवातीला पायाला जाणवतही नाही. पण ब्रेक न दाबताही दर फेऱ्याला डिस्कची तीच जागा पॅडला पुसटशी घासत राहते आणि तिथली जाडी बदलते. जाडीत ०.०२ मिमीच्या आसपास फरक पडला की पेडल थरथरू लागतं. म्हणून ही चूक इतक्या उशिरा उघडी पडते, आणि दोष डिस्कला दिला जातो.

तेव्हा हब वायर ब्रशने, मग पॉलिश पेपरने, स्टडच्या मुळापर्यंत धातू दिसेस्तोवर घासा. बोट फिरवून कुठे उंचवटा लागतो का ते बघा. एबीएसचा सेन्सर जवळ असतो, त्यावर ब्रश चालवू नका. मधल्या गोल कड्याला गंजरोधक लेपाचा पुसटसा हात चालेल. सपाट भागावर आणि स्टडच्या आट्यांवर काहीही लावायचं नाही. आट्यांना तेल-ग्रीस लागलं तर तोच टॉर्क देऊनही नट जास्त ताणले जातात.

नव्या डिस्कवर गंज येऊ नये म्हणून तेलाचा थर असतो. दोन्ही बाजू क्लीनरने धुवा आणि स्वच्छ फडक्याने पुसा, फडक्यावर काळपटपणा यायचा थांबेपर्यंत. काही डिस्क तेलाऐवजी राखाडी लेपाच्या येतात, त्यांच्या खोक्यावर काय करायचं ते लिहिलेलं असतं. आतल्या पात्या वक्र असतील तर डावी-उजवी वेगळी असते, खूण बघा. डिस्क चढवून दोन-तीन नट वॉशरसकट कसा आणि डायल गेज (डोल मोजायचं काट्याचं साधन) मिळाला तर कडेपासून १० मिमी आत टेकवून डिस्क हाताने एक फेरा फिरवा. डोल मर्यादेबाहेर असेल तर डिस्क काढून एक स्टड पुढे फिरवून पुन्हा बसवा. बऱ्याचदा एवढ्यानेच फरक पडतो.

खाचा, पिना, पिस्टन

ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान ज्या खाचांत सरकतात, तिथे पातळ पोलादी पट्ट्या असतात. त्या काढा. त्यांच्याखाली गंज साचून फुगतो आणि पट्टीला वर ढकलतो, मग पॅड खाचेत आवळला जातो आणि ब्रेक सोडल्यावरही डिस्कला चिकटून राहतो. खाच वायर ब्रशने आणि कानसेच्या हलक्या हाताने साफ करा. गंज काढायचा, धातू नाही. नव्या पट्ट्या लावा आणि नवा पॅड घालून बघा. बोटाच्या जोराने सरकायला हवा. हातोडी लागली तर खाच अजून साफ झालेली नाही.

पिना ओढून काढा, जुनं ग्रीस पूर्ण पुसा, भोकंही पुसा. गंजून खड्डे पडलेली पिन आणि फाटलेलं रबर बदला. दोन पिना सारख्याच असतात असं नाही. एकीच्या टोकाला रबरी बुश असतो, तर ती वर होती की खाली हे लक्षात ठेवा. ग्रीस पातळ लावा. भोक गच्च भरलं तर आत कोंडलेली हवा पिनेला बाहेर ढकलत राहते.

पिस्टनभोवतीचं रबर फाटलेलं नाही ना, हे बघून मग तो मागे ढकला. त्याआधी बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडा आणि भोवती फडकं लावा. पिस्टन मागे गेला की ऑइल डबीत परत येतं. डबी आधीच काठोकाठ असेल तर स्वच्छ सिरिंजने थोडं काढून घ्या. ब्रेक ऑइल गाडीचा रंग उतरवतं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून सी-क्लॅम्प सावकाश फिरवा. पिस्टन एकसारख्या जोराने जायला हवा. अजिबात हलत नसेल तर तो गंजून अडकलाय किंवा नळी आतून बंद झालीय. तिथे थांबा, हे मेकॅनिकचं काम आहे.

मागच्या चाकांचं वेगळं आहे. केबलवर चालणारा हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल तर पिस्टन फिरवत फिरवत आत न्यावा लागतो, त्यासाठी वेगळं हत्यार मिळतं. बटणाचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर आधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये घातल्याशिवाय पिस्टनला हात लावू नका. मोटर आणि गिअर मोडतील.

जोडताना

ब्रॅकेट बसवा, टॉर्क द्या. पॅड घाला, आवाजाची जीभ असलेला पॅड जुना जिथे होता तिथे. कानांना आणि मागच्या पट्टीवर, पिस्टन टेकतो तिथे, ब्रेक ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. पॅडच्या तोंडाला किंवा डिस्कला ग्रीसचं बोटही लागू देऊ नका. १९०२ साली फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यात तांब्याचे पॅड होते आणि ते भयंकर किंचाळत. आजही ब्रेक किंचाळतात ते पॅड कंप पावल्यामुळेच. पॅडमागची शिम, म्हणजे पातळ पत्रा, आणि हा ग्रीसचा थर तो कंप शोषून घेतात, म्हणून शिम आठवणीने लावा.

कॅलिपर वर सरकवा, नळीला पीळ पडला नाही ना ते बघा आणि बोल्ट कसा. पिनांच्या बोल्टना साधारण २५ ते ३५ न्यूटन मीटर, ब्रॅकेटच्या बोल्टना ८० ते १३० आणि चाकाच्या नटांना ९० ते १३० असा टॉर्क बऱ्याच गाड्यांत असतो. हा फक्त अंदाज आहे. कसायचा तो तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा. पिनांचे छोटे बोल्ट हाताच्या अंदाजाने कसले की आटे जातात.

चाकाची आतली सपाट बाजूही पुसून घ्या. नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळा, गाडी खाली उतरवा, मग टॉर्क द्या. एका बाजूने सलग कसत गेलात तर हबसाठी केलेली सगळी मेहनत वाया जाते, कारण डिस्क पुन्हा तिरकी दबते.

गाडी हलवण्याआधी

पिस्टन आत ढकललेला आहे, त्यामुळे पेडल पहिल्यांदा दाबाल तेव्हा ते थेट तळाला जाईल. या अवस्थेत गाडी सुरू करून मागे घेतली तर ती थांबणार नाही. उभ्या गाडीत पेडल सावकाश, अर्ध्या अंतरापर्यंत पुन्हा पुन्हा दाबा, ते टणक होईपर्यंत. मग इंजिन सुरू करून पुन्हा दाबा. किंचित खाली जाऊन घट्ट राहायला हवं. हळूहळू बुडत गेलं किंवा स्पंजासारखं लागलं तर गाडी तिथेच राहू द्या.

ऑइलची पातळी दोन खुणांच्या मध्ये आणा. झाकणावर लिहिलेलाच ग्रेड वापरा आणि बाटली नवी, सीलबंद घ्या. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ या ग्रेडचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस आणि ओल शोषल्यावर किमान १५५ अंश असावा लागतो. लांब उतारावर हाच फरक पेडल टणक राहील की बुडेल हे ठरवतो. ऑइल काळपट झालं असेल किंवा दोन वर्षांहून जुनं असेल तर ते बदलायलाही ही चांगली वेळ आहे. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते बाकीच्यांत मिसळायचं नाही.

आधी चालण्याच्या वेगाने दोन-तीनदा थांबून बघा. मग रिकाम्या, सरळ रस्त्यावर ६० च्या वेगावरून १० पर्यंत मध्यम जोराने वेग उतरवा आणि पूर्ण न थांबता पुन्हा वेग घ्या. असं आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा मिनिट सोडून. पॅडच्या खोक्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा. यात पॅडच्या द्रव्याचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो आणि पकड त्यातूनच येते. थोडा वास येईल. शेवटी दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवून ते थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलात तर पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो आणि थरथर तिथूनच सुरू होते.

परत आल्यावर हात चाकांच्या जवळ न्या, डिस्कला लावू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त तापलं असेल तर त्या बाजूचा पॅड किंवा पिन अडकते आहे. उघडून पुन्हा बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी चाकांच्या आतल्या बाजूला ओल नाही ना ते टॉर्च मारून पाहा. ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. डायरीत तारीख, मीटरवरचा आकडा आणि नव्या डिस्कची मोजलेली जाडी लिहून ठेवा. पुढच्या वेळी टायर बदलायला चाक उतरेल तेव्हा आतला आणि बाहेरचा पॅड मोजून त्याच पानावर त्यांचे आकडे नोंदवा. दोन्ही सारखेच झिजले असतील तर पिना नीट सरकत आहेत.